देवाचा दरबार : नारायण वामन टिळक

आज नाताळ. देव माणसांत वस्तीला आला, या श्रद्धेचा हा सण. आम्ही हरिकीर्तन करणारे. नारदांच्या गादीवर उभे राहून आयुष्य गेले. आमचे दैवत वेगळे, आमची वाट वेगळी. तरी आजच्या दिवशी एका अशा पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आमच्या मनाने घेतले की, जो आपल्याच मराठी मातीत वाढला आणि आपलीच वीणा, आपलेच टाळ घेऊन दुसऱ्या देवाच्या दारी गेला. तो पुरुष म्हणजे कवी नारायण वामन टिळक.

पूर्वरंग म्हणून प्रथम एका शब्दाचा विचार करू. वास्तु हा शब्द वस्, म्हणजे राहणे, या धातूपासून आला. जेथे कोणी राहतो ती वास्तु. चार भिंती हे तिचे केवळ साधन. ख्रिस्ती धर्मग्रंथांतही चर्चविषयी असाच विचार आहे. त्यासाठी योजलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ इमारत असा नाही. बोलावून एकत्र आणलेल्या लोकांची सभा, असा आहे. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक बहुधा एकमेकांच्या घरीच जमत. प्रेषितांच्या पत्रांत असे रूपक येते की, ख्रिस्त हा कोनशिला, श्रद्धावान माणसे हे जिवंत दगड, आणि ते एकावर एक रचले जाऊन देवाचे आत्मिक निवासस्थान उभे राहते. आपल्या मराठी ख्रिस्ती बांधवांनी या सभेला मंडळी हे नाव दिले. आपल्या जुन्या घरांत तर मंडळी म्हणजे घरधनीण, असाही अर्थ होता. टिळकांच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत.

आता कथेकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायणरावांचा जन्म झाला. कुळ चित्पावन ब्राह्मणाचे. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. तिचा वारसा मुलाकडे आला. आई अकाली गेली, आणि वडिलांशी न पटल्याने मुलगा लहानपणीच घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. पुढे १८८० साली गोखल्यांच्या मनकर्णिकेशी विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले.

टिळकांचा पाय एका ठिकाणी कधी ठरला नाही. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी व्याख्याते, परवा घरी न सांगता परागंदा, असा त्यांचा क्रम. धर्माची तळमळ मात्र खरी होती. कर्मठ आचारांनी मन भरेना, जातिभेद पटेना, आणि देशाला उभे करील असा धर्म कोणता, हा प्रश्न सुटेना. नागपूरला असताना बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम त्यांच्याकडे आले. त्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जाताना एका युरोपीय सहप्रवाशाशी भवभूतीच्या काव्यावरून बोलणे निघाले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने बायबलातील नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. ती वाचता वाचता ते पर्वतावरील प्रवचनापाशी येऊन थांबले, आणि पुढे तेथून त्यांचे मन हलले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आमच्या वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, हे आम्ही जाणतो. धर्मांतराचा कैवार घेण्यासाठी हा लेख नाही. उलट, या निर्णयाची किंमत कोणी दिली ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. टिळकांनी पत्नीला पूर्वसूचना दिली नव्हती. वार्ता कळली तेव्हा लक्ष्मीबाई ऐन पंचविशीत होत्या आणि पदरी लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत, पण सोवळ्याच्या पलीकडे गेलेला. आप्तांनी आधार दिला तरी मन कशातही रमेना. देवाचे घर शोधायला निघालेल्या पुरुषाने स्वतःचे घर मोडले, असेच कोणीही म्हणावे. चार-साडेचार वर्षे हा वियोग चालला.

पण कथेचा रस येथेच आहे. लक्ष्मीबाई अखेर पतीकडे आल्या त्या धर्म बदलून नव्हे. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे निराळे. आणि टिळकांनी ते सारे सांभाळले. ज्यासाठी त्यांनी गोत सोडले, तो विचार त्यांनी बायकोवर लादला नाही. पुढे एके दिवशी एकट्याच बसल्या असता लक्ष्मीबाईंच्या मनात आपण होऊन प्रश्न उभा राहिला की, या जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तरही त्यांचे त्यांनाच मिळाले, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सारा वृत्तांत लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात इतक्या निर्मळपणे, इतक्या विनोदाने सांगितला आहे की, नवऱ्याचे दोष वाचूनही त्याच्याविषयीचा आदर कमी होत नाही.

मग अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) त्यांचे घर ही एक धर्मशाळाच झाली. अनाथ मुले आली, आजारी आली, बालकवी ठोंबरे यांच्यासारखा कोवळा कवी आला. पगार बेताचा, पण माणूस दारातून परत गेला नाही. देवाच्या निवासस्थानाला पायऱ्या किती आणि शिखर केवढे, हे पुस्तकांत वाचावे. त्याची चूल कशी असते ते मात्र या घरात पाहावे.

नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे. टिळक तेथे ख्रिस्ती धर्मोपदेशकांना शिकवीत, १९०४ साली स्वतः पाळक झाले, आणि १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले. पण एक शल्य त्यांना टोचत होते. मंडळी मराठी, आणि तिचे गाणे विलायती चालीचे! शेतातून, गावकुसाबाहेरून आलेल्या बायाबापड्यांनी परक्या सुरांत देवाला आळवावे कसे? परक्या घाटाच्या घरात मराठी जीव पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो, हे टिळकांनी ओळखले. नगरला कृष्णाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा आधीच पाडला होता. टिळकांनी त्या पायवाटेचा राजमार्ग केला. अभंग, ओव्या, पदे, आरत्या असे सगळे साहित्य त्यांनी ख्रिस्तचरणी वाहिले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासना-संगीत या गीतसंग्रहाचा मोठा भाग टिळकांच्या रचनांचा आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते स्वतःच मानीत. ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी आरंभिले. ते त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. केवढे हे क्रौर्य ही त्यांची कविता पाठ केलेल्या शाळकरी मुलांच्या तर पिढ्यान् पिढ्या गेल्या.

तरीही मन निवाले नाही. गाणे मराठी झाले, पण घर अजून परक्याच्या मालकीचे होते. पगार देणारे विलायतेचे, घेणारे इकडचे. एक साहेब, दुसरा नोकर. नोकरीच्या नात्याने जोडलेले दगड जिवंत कसे म्हणावेत? १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची सेवा आणि पगार सोडला. संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी देवाचा दरबार स्थापन केला.

नाव दरबार, पण तेथे सिंहासन एकट्या ख्रिस्ताचे. बाकी सारे एका पंगतीचे. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते आणि ज्यांनी घेतला नाही तेही, ख्रिस्तावर प्रेम असले की पुरे, दोघेही या बंधुत्वात यावेत, अशी त्यांची कल्पना. विधीने आत आणि विधीवाचून बाहेर, असा उंबरठाच त्यांनी काढून टाकला. स्वकीय ख्रिस्ती मंडळींपैकीही अनेकांना हे रुचले नाही. बाप्तिस्म्यासाठी ज्याने एकदा सर्वस्व गमावले, त्यानेच आता त्याची अट काढावी, याचे त्यांना नवल वाटले असेल. आम्हांला मात्र यात विसंगती दिसत नाही. देवाचे घर माणसांचे आहे असे एकदा ठरल्यावर, दाराशी आलेल्या माणसाला बाहेर उभे करणे म्हणजे त्या घराचाच एक चिरा काढून टाकणे होय.

दोनच वर्षे हाती उरली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले. आपल्या देहाचे दहन व्हावे ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. कोकणातील ब्राह्मणाचा तो देह अखेर या देशाच्या रीतीनेच अग्नीच्या स्वाधीन झाला. दरबार त्यांच्या पश्चात फार दिवस टिकला नाही. पण त्यांच्या विचाराने भारलेले जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले.

काही वर्षांपूर्वी नगर भागात कीर्तनास गेलो असता, यजमानांच्या शेजारच्या ख्रिस्ती घरी संध्याकाळच्या प्रार्थनेस बसण्याचा योग आम्हांस आला. घर साधे, खोली दहा फुटांची. एक वृद्ध बाई टाळ वाजवीत होती, नातू पेटीवर होता, आणि पद टिळकांचे होते. चाल ओळखीची, ठेका ओळखीचा. आमची बोटे नकळत मांडीवर ताल धरू लागली. येथे ना शिखर होते, ना घंटा. पण वस् धातूचा अर्थ, जो आम्ही विद्यार्थ्यांस कित्येकदा सांगितला, तो त्या खोलीत आम्हांस समजला.

परत येताना आमचाच हिशेब आमच्यापुढे उभा राहिला. ज्या चोखोबांचे अभंग आम्ही आळवून गातो, ते आयुष्यभर महाद्वाराच्या बाहेर उभे राहिले. पंढरीचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. टिळक घर सोडून गेले, हा दोष आपण त्यांच्या पदरी घालतो. आपल्या घरात बसायला जागा किती जणांना होती, हे मात्र विचारीत नाही.

देव कोणत्या नावाने हाक मारल्यास ओ देतो, हा वाद पंडितांनी करावा. आम्ही एवढेच जाणतो की, दगडांचे देऊळ बांधून होते, माणसांचे देऊळ रोज बांधावे लागते. आजच्या या सणाला आपल्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांच्या दारी जावे, त्यांचा फराळ गोड मानून घ्यावा आणि आपल्या घरचा त्यांना द्यावा. दोन घरांमधला उंबरठा तेवढा झिजेल, आणि टिळकांच्या दरबारात एक दिवा लागेल. सर्वांभूती वसणाऱ्या त्या परमात्म्यास आमचा नमस्कार असो.