मुंबईत दोनदा फळणारा आंबा

श्रीखंडातले जायफळ आणि गरम मसाल्यातली जायपत्री एकाच फळातून निघतात. जायफळ ही बी, तर जायपत्री म्हणजे त्या बीवरची लाल जाळी. हे फळ कसे असते, पिंपळी ही कोवळी मिरी नसून वेगळीच वनस्पती कशी, अरबांनी 'हिंदी खजूर' म्हटलेल्या चिंचेचा खजुराशी काहीच संबंध कसा नाही, हे सारे १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात आहे. तो लिहिला गार्सिया द ओर्ता या डॉक्टरांनी.

पोर्तुगालमध्ये १५०१ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. आईवडील स्पेनमधून आलेले ज्यू, बळजबरीने ख्रिस्ती केलेले. सालामांका आणि अल्काला येथे शिकून ओर्तांनी काही वर्षे लिस्बनला अध्यापन केले. १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सोझा यांचे वैद्य म्हणून ते भारतात आले, ते कायमचेच.

गोव्यात ते रुग्ण तपासत, औषधी द्रव्यांचा व्यापारही करत. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्यांचा रुग्ण होता. मुंबई बेट त्यांनी पोर्तुगीज सरकारकडून खंडाने घेतले होते. तिथल्या त्यांच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळे येत, एकदा नाताळच्या सुमारास आणि पुन्हा मेअखेरीस!

डॉक्टरांनी वाचावे असे त्यातले प्रकरण मात्र पटकीचे. इथले लोक तिला मोडशी म्हणतात, हेही ओर्तांनी नोंदवले. खोल गेलेले डोळे, गार पडलेले अंग, हाताला न लागणारी नाडी, पायात येणारे गोळे, काही तासांत मृत्यू. ही लक्षणे आजही तीव्र पटकीत दिसतात. जंतूंचा पत्ता लागायला अजून तीन शतके होती आणि मीठ-साखरेच्या पाण्याचा साधा उपाय त्याहून दूर.

ग्रीक वैद्यांचा शब्द तेव्हा युरोपात अंतिम. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलायला धजलो नसतो, अशी कबुली ओर्तांनी ग्रंथातच दिली आहे. घराण्याच्या धर्माबद्दल मात्र गोव्यातही गप्प राहावे लागले. १५६० मध्ये इन्क्विझिशन तिथेही पोहोचले होते.

१५६८ मध्ये ओर्ता वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्तांची हाडे उकरून तीही जाळली. त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप तोवर युरोपभर वाचला जात होता. पणजीत चर्चसमोरच्या बागेला आज त्यांचेच नाव आहे.