मांजरेवर निजामसागर बांधणारे अली नवाज जंग

शेतकरी बंधूंनो, मांजरा नदी आपल्या पाटोदा तालुक्यात उगम पावते, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो. बालाघाटाच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२३ मीटर उंचीवर ती निघते. आपल्याकडं तिचं रूप ओढ्याएवढंच. उन्हाळ्यात पात्रातून बैलगाडी कोरडी निघून जाते. पण हीच मांजरा धाराशिव, लातूर, बीदर करत तेलंगणात शिरते आणि एकूण ७२४ किलोमीटर चालून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. या वाटेवर, आजच्या कामारेड्डी जिल्ह्यात, तिच्यावर जवळपास शंभर वर्षांपूर्वी एक मोठं धरण झालं. त्याचं नाव निजामसागर. ज्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ते उभं राहिलं ते नवाब अली नवाज जंग. हैदराबादेत या नावाला आजही मान आहे. आपल्या भागात मात्र ते फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या कामाचा आणि आपल्या वावरातल्या मातीचा जवळचा संबंध आहे, म्हणून आज त्यांची ही ओळख.

सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला

त्यांचं मूळ नाव मीर अहमद अली. जन्म हैदराबादचा, ११ जुलै १८७७ चा. अली नवाज जंग हा निजाम सरकारनं पुढं दिलेला किताब, पण लोकांत तेच नाव रूढ झालं. हैदराबादेत शिक्षण झाल्यावर १८९६ साली संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले. तिथं कूपर्स हिल नावाचं कॉलेज होतं. हिंदुस्थानात रस्ते, पूल, कालवे बांधणारे इंजिनिअर तिथं तयार होत. तिथला अभ्यास पुरा करून ते १८९९ साली परत आले आणि संस्थानच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनिअर म्हणून लागले. वय अवघं बावीस.

तेव्हाचं हैदराबाद संस्थान म्हणजे तेलंगण, कर्नाटकाचा काही भाग आणि आपला सगळा मराठवाडा. बीड जिल्हाही त्यातच. पावसाच्या भरवशावरची शेती आणि अधूनमधून दुष्काळ, हीच बहुतेक मुलखाची अवस्था. त्यात २८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबाद शहरात मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसं दगावली. त्यानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आलं. पूर अडवावा आणि शहराला पिण्याचं पाणीही मिळावं, या दुहेरी विचारातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. एकच बांध दोन कामं करू शकतो, हा धडा संस्थानच्या बांधकाम खात्याला तेव्हा मिळाला. अली नवाज जंग त्याच खात्यात एकेक पायरी चढत मुख्य इंजिनिअर झाले.

मांजरेवरचं धरण

१९२३ साली निजामसागरचं काम सुरू झालं आणि १९३१ साली पुरं झालं. आठ वर्षं. आज आपल्याला जेसीबी आणि टिप्परची सवय झाली आहे. तेव्हा असल्या यंत्रांचा पत्ता नव्हता. दगड फोडणं, वाहणं, रचणं, यातलं बहुतेक काम माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर चालायचं. तरीही जवळपास तीन किलोमीटर लांबीचा बांध उभा राहिला, आणि त्याच्या माथ्यावरून रस्ताही काढला. पाणी साठवण्याची क्षमता होती सुमारे ३० टीएमसी. ठरवलेलं भिजणारं क्षेत्र होतं पावणेतीन लाख एकर.

पाणी आलं तशी त्या भागाची तऱ्हा बदलली. भात आला, ऊस आला. ऊस आला म्हणून १९३७ च्या सुमारास बोधनला निजाम शुगर फॅक्टरी निघाली. एके काळी ती आशियातल्या सर्वांत मोठ्या साखर कारखान्यांत मोजली जायची. तो कारखाना २०१५ साली बंद पडला. आपल्या तालुक्यातून दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना वेगळं सांगायला नको, की जिथं पाणी थांबतं तिथं ऊस उभा राहतो, आणि जिथून पाणी निघून जातं तिथल्या माणसाला त्या उसामागं जावं लागतं.

पुढं १९५० च्या दशकात याच धरणावर एक लहान वीज केंद्रही सुरू झालं. कालव्याला जे पाणी सोडायचंच असतं तेच आधी खाली पाडून त्यावर जनित्र फिरवायचं, ही त्यातली युक्ती. पाणी विजेत संपत नाही. तेच पुढं शेताला जातं.

नाव संस्थानाबाहेर

अली नवाज जंग यांचा लौकिक संस्थानापुरता राहिला नाही. सिंधू नदीवर सक्कर इथं मोठा बंधारा चालू असताना त्याचा खर्च आणि काम तपासण्यासाठी मुंबई सरकारनं १९२९ साली विश्वेश्वरय्यांबरोबर यांनाच नेमलं. १९३८ साली काँग्रेसनं पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या नद्या आणि सिंचन या विषयाच्या उपसमितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं. तुंगभद्रेच्या पाण्यासाठी मद्रास सरकारशी चाललेल्या वाटाघाटीतही संस्थानची बाजू त्यांनी मांडली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं आणि पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १९४९ रोजी, ते वारले. तेलंगण राज्य झाल्यावर त्यांचा जन्मदिवस, ११ जुलै, तिथं अभियंता दिन म्हणून पाळतात.

आता कुणी विचारील, सारा मराठवाड्यानंही भरला, मग मोठं धरण तिकडंच का? हा प्रश्न रास्त आहे. संस्थानच्या काळात गोदावरीवर आपल्याच बीड जिल्ह्यात जायकवाडी गावाजवळ धरण बांधायचा विचार झाला होता. तो कागदावर राहिला. पुढं १९६५ साली पैठणला धरणाची पायाभरणी झाली, जागा कितीतरी वर सरकली, पण नाव जायकवाडीच राहिलं. मांजरेवर आपल्या बाजूचं मोठं धरण केज तालुक्यात धनेगावला झालं, तेही १९८० च्या सुमारास. निजामसागरनंतर जवळपास पन्नास वर्षांनी.

गाळाचा हिशेब

बंधूंनो, निजामसागरची पुढची गोष्ट आपल्याशी जास्त संबंधित आहे. धरण बांधताना नदीबरोबर येणाऱ्या गाळाचा जो अंदाज धरला होता, त्याच्या कितीतरी पट गाळ आला. १९७३ साली मोजणी झाली तेव्हा सुमारे ३० टीएमसीच्या जागी १२ टीएमसीच साठवण उरली होती. बेचाळीस वर्षांत निम्म्याहून जास्त धरण मातीनं भरलं. मग दरवाजे वाढवून साठा साधारण १८ टीएमसीपर्यंत आणावा लागला.

ही माती कुठून आली? वरून, म्हणजे मांजरेच्या पाणलोटातून. त्या पाणलोटाचं अगदी वरचं टोक पाटोदा तालुका आहे. साधा हिशेब करून बघा. निजामसागरच्या वरचं पाणलोट क्षेत्र सुमारे साडेएकवीस हजार चौरस किलोमीटर. धरणात साठलेला तो १८ टीएमसी गाळ या सगळ्या क्षेत्रावर सारखा पसरला, तर इंचाला थोडा कमी एवढा थर होतो. म्हणजे बेचाळीस वर्षांत प्रत्येक वावरातून सरासरी इंचभर माती गेली, आणि हा हिशेब फक्त धरणापर्यंत पोचलेल्या मातीचा. आपल्यासारख्या उताराच्या, हलक्या रानातून त्याहून जास्त गेली असणार. बालाघाटावर मुळात मातीच वीतभर. तिच्यातला इंच गेला, की खाली मुरूम उघडा पडतो, आणि मुरमावर ज्वारी किती होते ते तुम्ही जाणता.

अली नवाज जंग यांनी नदी अडवली. पण नदी जिथं सुरू होते तिथली माती अडवणं कुण्या इंजिनिअरच्या हातात नव्हतं. ते काम बांधाच्या मालकाचं आहे. एका धरणाचं आयुष्य शेकडो मैल वरच्या शेतकऱ्याच्या बांधावर ठरतं, हे निजामसागरनं दाखवून दिलं. धनेगावच्या धरणालाही हाच नियम लागू आहे. २०१६ साली ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे अजून कुणी विसरलेलं नाही.

पाण्याच्या हक्काचीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९७५ साली महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. निजामसागरच्या वर मांजरेच्या खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी २२ टीएमसी पाणी वापरायची मुभा त्यात मिळाली. म्हणजे वरच्या माणसाला पाणी अडवायचा अधिकार आहे, पण त्याला मर्यादा आहे. मातीला मात्र कसलीच मर्यादा नाही. ती जेवढी अडवाल तेवढी तुमचीच.

म्हणून पावसाळ्याआधी एवढं करा. वावराचे फुटलेले बांध नीट करून घ्या, सांडवा दगडानं पक्का करा. पेरणी आणि पाळी उताराला आडवी घाला. गावातले जुने नालाबांध आणि पाझर तलाव, ज्यांतले कितीतरी १९७२ च्या दुष्काळी कामातले आहेत, त्यांच्यात गाळ किती साठला ते सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी एकदा शिवारफेरी करून पाहावं. उन्हाळ्यात तो गाळ काढून शेतकऱ्यांनी हलक्या रानात टाकावा. त्यासाठी २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी सरकारी योजनाही राज्यात निघाली. ग्रामसभेत हा विषय घ्या, तलावांची यादी करा, आणि कुठल्या तलावातून किती ब्रास गाळ निघाला याची नोंद दप्तरी ठेवा. वाहून चाललेली आपली माती परत वावरात आणण्याची हीच एक संधी असते. निजामसागरपर्यंत पोचलेली माती परत आणता येत नाही.