चिमाजीअप्पा : धारावीची टेकडी आणि वसईचा तट

थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांच्या सर्वांत मोठ्या मोहिमेची वाट भाईंदरजवळच्या चौक गावावरून गेली. तेथील धारावीची टेकडी वसई खाडीच्या मुखावर आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी ती घेतली आणि पोर्तुगीजांची रसद अडचणीत आली.

वसईचा तट मात्र केवळ तोफांनी ढासळेना. गोळा नळीत सहज सरकावा म्हणून त्या काळी दोहोंमध्ये फट ठेवावीच लागे. साधारणतः व्यासाच्या विसाव्या भागाइतकी. तीतून दारूचा वायू निसटे, गोळा नळीत आपटत जाई आणि शेवटच्या धक्क्याने त्याची दिशा बदले. आजच्या रायफलीत काडतुसाच्या मानेभोवतीची फट मिलिमीटरच्या शतांशात मोजतात, तीही गोळी नळीच्या मध्यरेषेत राहावी म्हणूनच.

अप्पांनी भिस्त सुरुंगांवर ठेवली. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरूज फुटला. हजारोंचा बळी देऊन वसई मिळाली. पराभूतांना त्यांनी शस्त्रांसह सन्मानाने जाऊ दिले, हे विजयाहून कमी मोलाचे नव्हे. १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव गेले, डिसेंबरात अप्पाही. मागे दहा वर्षांचे सदाशिवराव उरले. पुढे पानिपतावर लढलेले भाऊसाहेब ते हेच.