कर्मवीरांची रीत आणि जव्हार-मोखाड्याची मुले

मोखाड्याच्या डोंगरात रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. त्या संस्थेचे जनक कर्मवीर भाऊराव पाटील संस्था कसे चालवत, हे जव्हार-मोखाड्यातील कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला जैन कुटुंबात झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परतल्यावर विटाळाची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले तरी माघार घेतली नाही. मॅट्रिकही न झालेल्या या सत्यशोधकाने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि 'कमवा व शिका' योजनेमुळे गरिबाच्या मुलाचा घाम हीच त्याची फी ठरली. त्यांच्याच वसतिगृहातील बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले.

या यशाचे कारण काय? पदवी नव्हे, सत्ता नव्हे. मुलगा कशामुळे शिकू शकत नाही, हे ते आधी पाहत आणि संस्थेचे नियम त्याप्रमाणे घडवत.

आज विद्यापीठे मूल्यांकनाच्या श्रेणी मोजतात. पण भातकापणी आटोपली की जव्हार-मोखाड्यातील वारली, कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाच्या नावापुढे केवळ गैरहजेरी मांडणारा प्राचार्य वेगळा आणि त्याच्यासाठी वसतिगृहात जागा व कॉलेजातच काम मिळवून देणारा प्राचार्य वेगळा. निकाल तेथेच ठरतो. परिपत्रके काढून विद्यापीठ चालते, विद्यार्थी टिकत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आदिवासी तालुक्यांत प्राचार्याची एकही जागा रिकामी किंवा प्रभारी ठेवू नये. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती मुले पदवीपर्यंत पोहोचली, यावरच त्याचे काम मोजावे. विद्यापीठाने हे आपण होऊन केले नाही, तर पालकांना सोबत घेऊन हा हिशेब मागणे चळवळीचे काम आहे. कर्मवीरांच्या फोटोला हार घालणे सोपे आहे. त्यांची रीत अंगीकारणे, हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल.