दोन चाकांचा जनक

सायकल ही वस्तू आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही कुणी जन्मदाता असेल हा विचार सहसा मनाला शिवत नाही. शाळेत असताना वाफेच्या यंत्रापुढे वॅटचे, टेलिफोनपुढे बेलचे, विमानापुढे राइट बंधूंचे नाव आम्ही घोकले. सायकलीपुढची जागा मात्र रिकामीच राहिली. ती जागा भरणारे नाव मला फार उशिरा, वयाची साठी उलटल्यावर, एका परक्या नदीच्या काठी भेटले.

२०२३ च्या जून महिन्यात मी जर्मनीतील कार्ल्सरूहे या शहरी भाच्याकडे महिनाभर राहण्यास गेलो होतो. मामा अजून मंडईला सायकलवरूनच जातो हे त्याला ठाऊक. एका शनिवारी त्याने दोन सायकली तयार ठेवल्या. सायकलींसकट आम्ही आगगाडीत बसलो आणि डोंगरावरच्या फ्रॉइडेनश्टाट या गावी उतरलो. तेथून मुर्ग नदीच्या खोऱ्याने उतरत उतरत ऱ्हाइनच्या मैदानातील राश्टाट गाठायचे, असा बेत होता. अंतर सुमारे ६७ किलोमीटर. वाटेत गेर्न्सबाख या गावी एक मुक्काम.

या प्रदेशाला काळे अरण्य म्हणतात, ते का, हे पहिल्या तासाभरातच कळले. दोन्ही अंगांना सूचिपर्णी वृक्षांची अशी दाटी की भर दुपारी झाडांखाली संध्याकाळ झाल्यासारखे वाटावे. वरच्या भागात नदी म्हणजे एखादा ओढाच. पुढे मात्र खोरे आवळत जाते आणि ग्रॅनाइटच्या अजस्र शिळांमधून पाणी आदळत धावू लागते. फोर्बाख येथे लाकडी छप्पर घातलेला एक पूल आहे. जुना पूल अठराव्या शतकातला. आजचा त्याच धर्तीवर १९५० नंतर पुन्हा बांधलेला. त्याच्या सावलीत बसून आम्ही शिदोरी सोडली. खालच्या कुरणांत गवत साठवण्याच्या जुन्या लाकडी झोपड्या उभ्या होत्या. एके काळी या नदीतून ओंडक्यांचे तराफे सोडीत. वर बांध घालून पाणी अडवायचे, मग ते एकदम मोकळे करायचे, आणि त्या लोंढ्याबरोबर डोंगरातले लाकूड ऱ्हाइनपर्यंत आणि तेथून थेट हॉलंडपर्यंत जायचे. त्या व्यापारावर येथली घराणी गबर झाली. गेर्न्सबाखच्या उतारावरची सुबक जुनी नगरकचेरी मुळात अशाच एका लाकूड-व्यापारी घराण्याचे घर होते.

त्या कचेरीपाशी आम्ही टेकलो असताना एक तीन-चार वर्षांचे पोर बिनपेडलच्या चिमुकल्या सायकलवरून आमच्यासमोरून गेले. पायांनी जमीन मागे रेटायची, वेग आला की पाय वर घ्यायचे. मला गंमत वाटली. भाचा मात्र म्हणाला की, जगातली पहिली सायकल अशीच होती, आणि तिचा कर्ता तिच्यावर बसून याच गावातून समोरचा डोंगर ओलांडून गेला होता. त्याचे नाव कार्ल द्राइस. त्या रात्री भाच्याने सांगितलेली आणि नंतर मी मिळेल तेथून वाचलेली त्याची कहाणी अशी.

द्राइसचा जन्म २९ एप्रिल १७८५ रोजी कार्ल्सरूहे येथे एका सरदार घराण्यात झाला. वडील बाडेन संस्थानातले मोठे न्यायाधिकारी. खुद्द संस्थानाधिपतीशी घरोबा. मुलाने वनखात्यात जावे असे ठरले. काकांच्या वनशाळेत त्याने धडे गिरवले, हायडेलबर्गच्या विद्यापीठात गणित, पदार्थविज्ञान वगैरे विषयांचा अभ्यास केला आणि पुढे तो वनाधिकारी झाला. परंतु त्याचे चित्त झाडांपेक्षा यंत्रांत अधिक रमे. १८११ साली पगार चालू ठेवून त्याला कामातून मोकळीक मिळाली आणि तो मानहाइम शहरी येऊन शोधांच्या नादी लागला. प्रथम त्याने माणसाच्या बळावर चालणारी चार चाकांची गाडी केली. व्हिएन्नाला १८१४ साली युरोपातले राजेरजवाडे जमले होते, तेथेही ती नेऊन दाखवली. कुणी फारशी दाद दिली नाही.

पुढल्याच वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याच्या धुळीने आभाळ झाकोळले आणि १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, दाणावैरण कडाडली. घोडे पोसणे अवघड झाल्यामुळेच द्राइसला घोड्याविना चालणारे वाहन सुचले, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला आहे. सर्वांना तो मान्य नाही. काहीही असो, १२ जून १८१७ रोजी द्राइस आपल्या दोन चाकांच्या लाकडी यंत्रावर बसला आणि मानहाइमहून श्वेट्झिंगेनच्या रस्त्यावरील टपालघोड्यांच्या ठाण्यापर्यंत जाऊन परत आला. सुमारे १३ किलोमीटरचा फेरा त्याने तासाभराच्या आत पुरा केला.

यंत्र साधेच. एकामागे एक दोन लाकडी चाके, मध्ये बसायला गादी, पुढचे चाक वळवायला दांडा, मागे ब्रेक. वजन वीस-बावीस किलो. पेडल नाही, साखळी नाही. पायांनी धावायचे आणि उतार लागला की पाय उचलून नुसते बसायचे. पण खरा शोध यंत्रात नव्हता, तो तोलात होता. दोनच चाकांवर माणूस पडेल ही सगळ्यांची खात्री. चालत्या चाकावर, पुढचे चाक वळते ठेवले तर, तो पडत नाही हे द्राइसने दाखवून दिले. त्याच वर्षीच्या जुलैत तो गेर्न्सबाखहून डोंगर चढून बाडेनला, म्हणजे आजच्या बाडेन-बाडेनला गेला. सपाट सडकेवर कुणीही पळेल, घाटातही यंत्र चालते हे त्याला सिद्ध करायचे होते.

१८१८ च्या जानेवारीत संस्थानाने त्याला दहा वर्षांचा हक्क दिला, यंत्रशास्त्राचा प्राध्यापक ही पदवी दिली आणि वनखात्याचा पगार पेन्शन म्हणून चालू ठेवला. परंतु हा हक्क संस्थानाच्या वेशीपुरता. यंत्र एकदा पाहिले की कोणत्याही सुताराला करता येई. लंडनमध्ये एका गाडी बनविणाऱ्याने त्याच्या सुधारलेल्या प्रती काढून विकल्या. नवश्रीमंत तरुणांचे ते खेळणे झाले. रस्ते खाचखळग्यांचे, म्हणून लोक पादचाऱ्यांच्या वाटेवर यंत्रे घालू लागले. तक्रारी झाल्या आणि गावोगाव बंदी आली. मानहाइम, मिलान, लंडन, न्यूयॉर्क, इतकेच काय, आपल्या कलकत्त्यापर्यंत ही बंदी पोहोचली. म्हणजे हिंदुस्थानात सायकलच्या या आद्य अवताराचा पाहुणचार झाला तो असा!

द्राइसच्या आयुष्याला खरे ग्रहण लागले ते मात्र वडिलांच्या एका निकालामुळे. २३ मार्च १८१९ रोजी कार्ल झांट नावाच्या एका विद्यार्थ्याने मानहाइममध्ये कोत्सेबू या नाटककाराचा खून केला. कोत्सेबू प्रतिगामी म्हणून तरुणांना नकोसा, आणि झांट त्यांचा हुतात्मा. द्राइसच्या वडिलांनी दयेची शिफारस केली नाही. मे १८२० मध्ये झांटचा शिरच्छेद झाला. बापावरचा राग लोकांनी मुलावर काढला. पोरेटोरेही छळू लागली, तेव्हा १८२२ साली द्राइस ब्राझीलला निघून गेला आणि तेथे त्याने एका मळ्यावर जमिनीच्या मोजणीचे काम केले. पाच वर्षांनी तो परतला तरी हेटाळणी संपली नव्हती. तरीही त्याचा हात थांबला नाही. कळा दाबून अक्षरे उमटविणारे यंत्र, भराभर टिपणे घेण्याचे यंत्र, सरपण वाचविणारी चूल, आणि १८४० नंतर रुळांवर माणसाच्या बळाने चालणारी गाडी असे शोध तो लावीत राहिला. रूळ तपासण्याच्या अशा गाडीला युरोपातील अनेक भाषांत आजही त्याच्याच नावावरून आलेला शब्द आहे.

१८४८-४९ साली बाडेनमध्ये लोकशाहीसाठी क्रांती झाली. साठी ओलांडलेल्या द्राइसने १८४९ मध्ये आपली सरदारकी जाहीरपणे सोडली आणि तो नुसता नागरिक द्राइस झाला. ज्या बिरुदाने त्याला पगार, दरबार, प्रतिष्ठा दिली तेच त्याने आपण होऊन टाकले. पुढच्या काही आठवड्यांतच प्रशियाचे सैन्य आले. क्रांतिकारकांची अखेरची फळी होती ती याच मुर्ग नदीच्या काठी. जूनअखेर गेर्न्सबाखला चकमक झाली, फळी मोडली, आणि २३ जुलै रोजी राश्टाटचा किल्ला शरण गेला. जेथे बत्तीस वर्षांपूर्वी द्राइसचे यंत्र दिमाखाने डोंगर चढले, तेथेच त्याच्या आशा संपल्या. त्याला वेडा ठरवून डांबण्याचा घाट घातला गेला. क्रांतीचा खर्च वसूल करण्यासाठी त्याचे पेन्शन काढून घेतले. १० डिसेंबर १८५१ रोजी कार्ल्सरूहेत तो निष्कांचन मेला. तेथून दोन गल्ल्या पलीकडे कार्ल बेन्झ नावाचा सात वर्षांचा मुलगा वाढत होता. पुढे मोटारगाडी केली ती त्याने.

यानंतर १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल बसले, १८८५ साली मागच्या चाकाला साखळी लावलेली सुरक्षित सायकल आली, १८८८ साली हवेचे टायर आले. शतक संपण्याआधी जर्मनीच्या सायकलस्वारांनी द्राइसचे स्मारक उभारले. २०१७ मध्ये, त्या पहिल्या फेरीला दोनशे वर्षे झाली म्हणून, त्याचे यंत्र जर्मनीच्या वीस युरोच्या नाण्यावर छापले गेले. पेन्शन गेले आणि नाणे निघाले. मधे दीडशेहून अधिक वर्षे.

दुसऱ्या दिवशी मी राश्टाटचा बेत मोडून द्राइसच्या वाटेने बाडेन-बाडेनला जायचा हट्ट धरला. चढावर दम लागला. सायकल हाती धरून चालावे लागले. खिंड आली आणि उतारावर पाय सोडून बसलो, तेव्हा आदल्या दिवसापासून मनात घोळत असलेली ओळखीची खूण एकाएकी उलगडली. धावायचे, रेटायचे, आणि वेग आला की उडी मारून बसायचे. हे मी लहानपणी रोज पाहिले होते.

माझे वडील, आमचे अण्णा, रेल्वेत ट्रॉलीमन होते. साहेब छत्रीखाली ट्रॉलीवर बसून रूळ तपाशीत आणि अण्णा अनवाणी, तापल्या रुळावरून धावत ट्रॉली ढकलीत. वेग आला की मागे चढून बसत. त्यांच्या तळपायांना पडलेले घट्टे मी रात्री तेल लावून चोळीत असे. याच महाविद्यालयात शिकत असताना मित्रांनी विचारले की मी सांगे, वडील रेल्वेत आहेत. त्यापुढे विषय बदली. अण्णांना हे ठाऊक होते, असे आज वाटते. ते कधी बोलले नाहीत. स्नेहसंमेलनाला मी त्यांना बोलावले नाही आणि त्यांनी कधी विचारले नाही.

द्राइसने आपली सरदारकी चारचौघांत टाकून दिली. मी बापाचे काम चारचौघांत लपवले. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्या उतारावर वारा तोंडावर घेत जाताना मी मनातल्या मनात त्यांना सांगितले की, तुम्ही रोज जी विद्या चालवीत होता, तिचा जनक एक सरदार होता. आणि लगेच लाज वाटली. कारण अजूनही त्यांच्या कामाला मोठेपण द्यायला मला सरदारच लागत होता. धावणाऱ्या पायांना त्याची गरज नव्हती. म्हणून जे तेव्हा सांगितले नाही ते याच महाविद्यालयाच्या अंकात लिहून ठेवतो. माझे वडील ट्रॉलीमन होते.