पाण्याचे कोडे उलगडणारा लव्हाझिए

पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांची नावे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. युरोपातील विद्वानही शतकानुशतके पाण्यास मूलतत्त्वच मानीत. त्या पाण्याचे घटक वेगळे करून दाखविणाऱ्या आंत्वान लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

लव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. पाच वर्षांचा असतानाच तो मातृसुखास पारखा झाला. वकील पित्याप्रमाणे त्यानेही कायद्याची पदवी घेतली. परंतु त्याचे मन रमले ते शास्त्रात. १७६८ साली तो विज्ञान अकादमीचा सभासद झाला. त्याच वर्षी करवसुलीच्या सरकारी मक्त्यात त्याने भागी घेतली. पुढे हीच भागी त्याच्या प्राणांवर बेतली. १७७१ मध्ये त्याचा मारी-ॲन हिच्याशी विवाह झाला. ती इंग्रजी शिकली, पतीसाठी शास्त्रीय लेखांची भाषांतरे करू लागली आणि त्याच्या ग्रंथातील चित्रेही तिनेच काढली.

हायड्रोजन जाळला असता पाणी बनते, हे इंग्लंडात कॅव्हेंडिशला दिसून आले होते. १७८३ साली लव्हाझिएनेही तो प्रयोग केला. मग पाण्यापासून हायड्रोजन परत मिळेल काय? त्याने लोखंडी बंदुकीची नळी भट्टीत लालभडक तापविली व तीतून पाण्याची वाफ सोडली. लोखंडाने वाफेतील प्राणवायू ओढून घेतला आणि दुसऱ्या टोकातून हायड्रोजन बाहेर पडला. १७८५ मध्ये मनिए या लष्करी अभियंत्यासह त्याने हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर, प्रत्येक पदार्थाचे वजन काटेकोरपणे करून, सिद्ध केला. १७८७ साली या वायूस हायड्रोजन, म्हणजे जलजनक, हे नाव मिळाले.

पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. मक्तेदारांवर प्रजेचा रोष होताच. ८ मे १७९४ रोजी सासऱ्यासह लव्हाझिएचा शिरच्छेद करण्यात आला. त्यानंतर अवघ्या ४९ दिवसांनी, फ्लरूसच्या लढाईत, फ्रेंच सैन्याने शत्रूची टेहळणी करण्यासाठी बलून आकाशात चढविला. बंदुकीच्या दारूसाठी गंधक राखून ठेवावयाचे असल्याने आम्लापासून हायड्रोजन करण्यास मनाई होती. म्हणून तो तप्त लोखंड व वाफ यांपासूनच तयार केला होता. ज्या राजवटीने त्याचा प्राण घेतला, तिलाच त्याची विद्या उपयोगी पडली!

१८०० साली निकल्सन व कार्लाइल यांनी विजेच्या साहाय्याने पाण्याचे पृथक्करण केले. आज इंधनासाठी हायड्रोजन मिळविण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांत विजेची ही रीतही आहे. प्रयोगशाळेत पाण्यातून वर येणारे ते बुडबुडे पाहताना, विद्यार्थिमित्रहो, हाती तराजू घेऊन सत्य शोधणाऱ्या या शास्त्रज्ञाचे आपण कृतज्ञतेने स्मरण करू या.