भक्तकवि नारायण वामन टिळक

चंद्रपूर-गडचिरोलीच्या ह्या वनप्रदेशांत गाणें शिकण्यास पुस्तक लागत नाहीं. भजनांत एकानें चरण म्हणावा व इतरांनीं तो उचलावा, दंडारींत ठेका सुरू होतांच सर्वांचीं पावलें त्यावर पडावीं, गोंडी गांवांत रेला रंगूं लागला म्हणजे लहानांनीं मोठ्यांच्या मागें म्हणावें, अशी येथील रीत आहे. ज्या थोर पुरुषानें ऐकून शिकण्याच्या व मिळून गाण्याच्या ह्या रीतीला मराठी ख्रिस्ती उपासनेंत मानाचें स्थान मिळवून दिलें, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. मातोश्री जानकीबाई त्यांच्या बालपणींच निवर्तल्या. कल्याण व नाशिक येथें त्यांचें शिक्षण झालें आणि संस्कृत काव्याची गोडी त्यांना तेव्हांच लागली. १८८० च्या सुमारास लक्ष्मीबाईंशीं त्यांचा विवाह झाला. परंतु सत्याच्या शोधांत असलेलें त्यांचें मन एका गांवीं स्थिर राहीना. फिरत फिरत ते नागपुरास आले व १८९१ च्या सुमारास संस्कृत ग्रंथांच्या कामीं लागले. पुढें, आपल्या प्रदेशाच्या ईशान्येस असलेल्या राजनांदगांवाकडे आगगाडीनें जात असतां एका सहप्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार ठेवला. त्या वाचनाचा परिणाम असा झाला कीं, ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

ह्या निश्चयाची किंमत जबर होती. आप्तेष्ट तुटले, पतिपत्नींची ताटातूट झाली आणि लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलें. पुढें त्या पतीकडे आल्या व १९०० सालीं आपल्या विचारानें त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. ही सर्व हकीकत त्यांनीं आपल्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत मोकळ्या मनानें सांगितली आहे.

टिळक अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, राहूं लागले. त्या काळीं मंडळींत गाइलीं जाणारीं पुष्कळ गीतें इंग्रजीवरून भाषांतरित केलेलीं व पाश्चात्य चालींत बसविलेलीं असत. इंग्रजी पद्य आघातावर चालतें. मराठी पद्य अक्षरांच्या संख्येवर किंवा लघु-गुरूंवर चालतें. त्यामुळें परक्या चालींत पुष्कळदां लघु अक्षर ताणलें जाई आणि शब्द मध्येंच मोडे. कृष्णा रत्नाजी सांगळे यांनीं टिळकांपूर्वींच देशी पदांची वाट मोकळी केली होती. टिळकांनीं तिचा राजमार्ग केला.

त्यांनीं अभंग, ओवी व पदें ह्या ओळखीच्या रूपांत शेंकडों गीतें रचिलीं. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असतो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचें यमक जुळतें. हें माप आमच्या लोकांच्या कानांत पिढ्यान् पिढ्या बसलेलें आहे. म्हणून निरक्षर शेतकरीही एकदां ऐकून तें गीत गाऊं शकतो. त्यास पेटी वा पुस्तक लागत नाहीं, टाळ-मृदंग पुरतात.

टाळ-मृदंगाचा संबंध जुन्या उपासनेशीं असल्यामुळें त्यांचा स्वीकार ही साधी गोष्ट नव्हती. परंतु टिळकांनीं घर सोडलें तरी आईची भाषा सोडली नव्हती. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताच्या चरणीं आलों, अशी त्यांची दृढ भावना होती. चाल हें त्यांच्या दृष्टीनें लोकांस ओढण्याचें साधन नव्हतें. ती त्यांच्या हृदयाचीच भाषा होती. सोळाव्या शतकांत मार्टिन लूथरनें जर्मन लोकांच्या मुखीं त्यांच्याच बोलींतील गीतें दिलीं. टिळकांनीं महाराष्ट्रांत तेंच केलें.

१९०९ सालीं त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य आरंभिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. १९१२ पासून त्यांनीं ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन केलें. बालकवि ठोमरे यांना त्यांनीं पुत्रवत् आसरा दिला. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेवला.

त्यांचीं कांहीं गीतें निकल मॅक्निकल ह्या स्कॉटिश मिशनरीनें इंग्रजींत उतरविलीं, आणि तीं पाश्चात्य चालींवर गाइलीं गेलीं. पूर्वीं परदेशांतून गीतें आमच्याकडे येत. आतां आमचें गीत तिकडे गेलें. जें आपल्या मातींत नीट रुजतें, तेंच दुसऱ्यास देतां येतें, हें ह्यावरून दिसतें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं आजी जात्यावरची ओवी म्हणत असेल, आजोबा भजनाची चाल धरीत असतील, कोणाच्या घरीं गोंडी गाणीं असतील. इंग्रजी गीतें अवश्य शिका. परंतु घरच्या चालींची लाज बाळगूं नका. वडील मंडळींजवळ बसून त्या शिकून घ्या. चाल कागदावर नसते, ती कंठांत असते. कंठ मिटला कीं तीही मिटते.